हक्कास दार करून देणारा पुरुष : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर

मलकापूर व नांदुरा ह्यांच्यामधील हमरस्त्यावर, बुलढाणा जिल्ह्यात, वडनेर भोलजी हे गाव आहे. शेत गहाण पडणे म्हणजे काय, हे तेथील शेतकऱ्यास कोणी समजावून सांगावयास नको. नांगर आपल्या हाती राहतो, घाम आपला गळतो, परंतु मालकीचा कागद दुसऱ्याच्या पेटीत जातो. एखादे शेतच नव्हे, तर अवघा वऱ्हाड प्रांत एके काळी असाच गहाण पडला होता, ही गोष्ट मात्र आज थोड्यांच्याच स्मरणात असेल. सन 1853 मध्ये हैदराबादच्या निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कंपनीस लावून दिला. सन 1902 मध्ये इंग्रज सरकारने सालिना 25 लाख रुपये देण्याचे ठरवून तोच मुलूख कायमच्या इजाऱ्याने घेतला, आणि पुढल्याच वर्षी तो मध्यप्रांतास जोडून टाकला. सन 1936 मध्ये पुन्हा एक करार होऊन निजामाच्या वारसास वऱ्हाडचा राजपुत्र ही पदवी मिळाली. इतके कागद झाले. परंतु त्यांपैकी एकाही कागदासाठी वडनेरच्या पाटलास अथवा मजुरास, तुमची संमती आहे काय, असे कोणी विचारले नाही. रयत ही जमिनीबरोबर जावयाची वस्तू होती.

26 जानेवारी 1950 रोजी ही स्थिती पालटली. त्या दिवशी भारताचे संविधान, ज्यास आपण राज्यघटना म्हणतो, ते अमलात आले, आणि रयत ही नागरिक झाली. ते संविधान ज्या सभेने केले तीत वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख व ब्रिजलाल बियाणी हेही सभासद होते. त्याचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद मात्र अशा एका गृहस्थाकडे आले होते की, ज्यास लहानपणी शाळेतल्या घागरीस हात लावण्याची मोकळीक नव्हती. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांनी, व विशेषेकरून खेड्यांतील उपदेशक बंधूंनी, लक्षपूर्वक वाचावे अशी आमची विनंती आहे.

बालपण

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे पलटणीत सुभेदार असून लष्करी शाळेत शिक्षक होते. मातुश्रींचे नाव भीमाबाई. ह्या दांपत्यास चौदा अपत्ये झाली, त्यांत भीमराव शेवटचे. घर महार जातीचे, कबीरपंथी, व विद्येची आवड असलेले होते. वडिलांनी पेन्शन घेतल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीस व नंतर साताऱ्यास येऊन राहिले. भीमराव लहान असतानाच त्यांच्या मातुश्री निवर्तल्या.

साताऱ्याच्या शाळेत ह्या मुलास इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली, तर शिपायाने वरून पाणी ओतावे तेव्हा प्यावे. शिपाई जागेवर नसला, तर पाण्यावाचून राहावे. परंतु ह्याहून एक मोठा धडा त्यास सन 1901 च्या सुमारास मिळाला. वडील तेव्हा गोरेगाव येथे नोकरीस होते. त्यांच्या भेटीस म्हणून भीमराव, त्यांचे भाऊ व बहिणीची मुले आगगाडीने निघून मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांस निरोप न पोहोचल्यामुळे उतरून घेण्यास कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाले पुष्कळ होते, पण कोणी त्यांस नेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही अशा अटीवर की मुलांनी गाडी हाकावी व त्याने पायी चालावे. शिदोरी जवळ होती. परंतु वाटेत पिण्याचे पाणी कोणी देईना, म्हणून ती लेकरे तशीच उपाशी निजली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या मुलांच्या खिशात पैसे होते, अंगावर नीटनेटके कपडे होते, व बाप सरकारी चाकरीत होता. सरकारच्या कोणत्याही कायद्याने त्यांस पाणी मना केलेले नव्हते. पण ते पाणी मिळवून देणारा कायदाही कोठे नव्हता. ह्या दोन गोष्टींमधील अंतर त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनात जे रुतले, ते जन्मभर तसेच राहिले.

विद्याभ्यास

पुढे कुटुंब मुंबईस गेले. तेथे भीमराव सन 1907 मध्ये मॅट्रिक झाले, व बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या मासिक 25 रुपयांच्या मदतीने एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून पदवीधर झाले. सन 1913 च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले व 1915 मध्ये एम. ए. झाले. तेथून ते अर्थशास्त्र व कायदा ह्यांच्या अभ्यासास लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांस परतावे लागले.

करारानुसार ते बडोद्यास नोकरीस रुजू झाले. इतका विद्वान मनुष्य, पण कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत. राहावयास घर कोणी देईना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तेव्हा काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांस तेथून बाहेर काढले. एका बागेत झाडाखाली बसून त्या दिवशी त्यांनी अश्रू ढाळले, व ते शहर सोडले. पुढे मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, पुन्हा लंडन गाठले, तेथे डी. एस्सी. ही पदवी व बॅरिस्टरची सनद मिळविली, आणि 1923 मध्ये ते स्वदेशी परतले. विद्येने मनुष्य मोठा होतो, हे त्यांच्या उदाहरणाने सिद्ध झालेच. परंतु विद्या एकटी पुरत नाही, हेही त्यांस बडोद्याने शिकविले होते.

महाडचे तळे

सन 1923 च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले ह्यांनी एक ठराव मांडला, व तो पास झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली अथवा राखलेली पाणवठ्याची स्थळे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये आपले चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. पण तीन वर्षे लोटली तरी एकाही अस्पृश्याने त्या तळ्यातून ओंजळभर पाणी घेतले नव्हते. कारण घेण्यास गेला तर मार बसेल, व मार बसल्यावर दाद कोठे मागावी हे त्यास ठाऊक नव्हते.

20 मार्च 1927 रोजी आंबेडकर हजारो लोकांसह शांतपणे चालत तळ्यावर गेले, आणि ते पाणी प्याले. गावात अफवा उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्यावरून मंडपात जेवीत बसलेल्या व घरी परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, पुष्कळांची डोकी फुटली. हाती माणसे असूनही आंबेडकरांनी उलट मार करू दिला नाही. मग सनातनी लोकांनी गोमूत्र व शेण घातलेल्या 108 घागरींनी ते तळे शुद्ध करून घेतले, व ऑगस्टात नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. 25 डिसेंबर रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. पुन्हा तळ्यावर जाण्यास हजारो लोक तयार होते. परंतु त्याच महिन्यात प्रतिपक्षाने दिवाणी दावा लावून कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. लोक खवळले होते. पुढारी म्हणेल ते करण्यास ते तयार होते. अशा वेळी आंबेडकरांनी त्यांस मागे वळविले. कोर्टाचा मान राखून, तळ्यावर न जाता, केवळ मिरवणूक काढून परिषद संपविण्यात आली. पुढे तो दावा एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात जात राहिला, व 17 मार्च 1937 रोजी मुंबईच्या हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. बोले ह्यांच्या ठरावापासून मोजले तर एका तळ्याच्या पाण्यासाठी सुमारे चौदा वर्षे गेली.

आमच्या मते आंबेडकरांच्या पुढील सर्व कार्याची किल्ली ह्या चौदा वर्षांत आहे. ठराव हा हक्क नव्हे. ज्याने ठराव दिला तो तो मागेही घेऊ शकतो. ज्या हक्काचा भंग झाला असता दाद मागण्यास दार नाही, तो हक्क म्हणजे रंगविलेली घागर होय. तीत पाणी राहत नाही.

राजकारण व सोलापूरचे भाषण

सन 1930 ते 1932 ह्या काळात लंडन येथे भरलेल्या गोलमेज परिषदांत त्यांनी अस्पृश्यांची बाजू मांडली. विभक्त मतदारसंघाच्या प्रश्नावरून महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले, तेव्हा 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार होऊन संयुक्त मतदारसंघात प्रांतिक कायदेमंडळांच्या 148 राखीव जागा ठरल्या. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवले येथे, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्यानंतर अनेक धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांस आपल्याकडे बोलाविले. त्यांत ख्रिस्ती पुढारीही होते.

सन 1938 च्या आरंभी सोलापूर येथे ख्रिस्ती लोकांपुढे त्यांनी भाषण केले. ख्रिस्ताच्या शिकवणीविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. परंतु ख्रिस्ती समाजास काही कडू गोष्टीही ऐकविल्या. आपल्या लोकांवरील सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी हिंदी ख्रिस्ती लोक समाज म्हणून कधी झगडले नाहीत, शिकलेले लोक आपल्या मागे राहिलेल्या भावांस विसरतात, आणि राजकारणात ख्रिस्ती मंडळी फार मागे आहे, असा त्यांचा रोख होता. हे शब्द बोचणारे होते. ते सर्वस्वी न्याय्य होते की नव्हते, ह्याचा वाद न घालता प्रत्येक मंडळीने ते आपल्याच अंतःकरणाशी लावून पाहावेत, हे बरे.

घटना समितीत

सन 1946 मध्ये घटना समितीवर ते प्रथम बंगालमधून निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा 1947 च्या जुलैत मुंबई प्रांतातून त्यांची पुन्हा निवड झाली. स्वातंत्र्य मिळाल्यावर ते देशाचे कायदेमंत्री झाले. 29 ऑगस्ट 1947 रोजी सात जणांची मसुदा समिती नेमण्यात आली, व तिचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. समितीतील एका सभासदाचे निधन झाले, एकाने राजीनामा दिला, कोणी परदेशी, कोणी आजारपणामुळे दिल्लीपासून दूर, अशी स्थिती झाल्याने बहुतेक भार त्यांच्याच शिरावर पडला, हे त्याच समितीत पुढे आलेले टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांनी भर सभेत सांगितले आहे. त्या काळात मधुमेहाने त्यांची प्रकृती खालावली होती. तरी हे श्रेय एकट्याने न घेता, सल्लागार बेनेगल नरसिंह राव व मसुदाकार एस. एन. मुखर्जी ह्यांचे ऋण त्यांनी सभेत मोकळ्या मनाने मानले.

ह्या सभेचे एक उपाध्यक्ष बंगालचे ख्रिस्ती विद्वान डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी स्मरणात ठेवावी. धर्मावरून राखीव जागा असाव्यात की नसाव्यात, ह्या प्रश्नावर ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला. आणि आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क 25 व्या अनुच्छेदात सर्व धर्मांच्या लोकांस सारखाच मिळाला.

मसुद्यावर सात हजारांहून अधिक दुरुस्त्या सुचविण्यात आल्या, व त्यांपैकी 2,473 सभेपुढे मांडल्या गेल्या. 26 नोव्हेंबर 1949 रोजी 395 अनुच्छेद व 8 परिशिष्टे असलेले संविधान स्वीकृत झाले.

राज्यकारभाराची रचना

आता संविधान करते काय, हे थोडक्यात पाहू. घर बांधणारा गवंडी पाया, खांब व आढे ह्यांची जागा आधी नेमून देतो; मग घरात कोणीही राहावयास येवो, त्यास खांब आपल्या सोईने हलविता येत नाही. संविधान हे सत्तेच्या घराचे असेच आखलेले मोजमाप आहे. कायदे करावयाचे ते संसदेने व विधानसभांनी. अंमल करावयाचा तो मंत्रिमंडळाने. आणि न्याय करावयाचा तो कोर्टांनी. कोणता विषय दिल्लीचा व कोणता राज्याचा, ह्यांच्या याद्या ठरलेल्या आहेत. सरकारी खजिन्याचा हिशेब तपासणारा अधिकारी व निवडणुका घेणारा आयोग हे मंत्र्यांच्या हुकमाखाली ठेवलेले नाहीत.

मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार असावे, ही पद्धत का पत्करली, ह्याचे कारण आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी सभेस सांगितले. एक पद्धत स्थैर्य अधिक देते, दुसरी जबाबदारी अधिक देते. आणि मंत्र्यास रोजच्या रोज प्रश्न विचारता यावेत, म्हणून मसुद्याने जबाबदारीस अधिक महत्त्व दिले, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रजी अमदानीत मताचा अधिकार जमीन, कर किंवा शिक्षण असणाऱ्या थोड्या लोकांसच होता. संविधानाने तो 21 वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास दिला. 1989 पासून ते वय 18 वर आले. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत 17 कोटींहून अधिक मतदारांची नावे यादीत होती. शेताचा मालक व त्याच शेतातला सालदार ह्या दोघांच्या मताचे मोल त्या दिवशी एक झाले.

हक्क आणि दार

संविधानाच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क सांगितले आहेत. कायद्यापुढे सर्व समान. धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्यांवरून सरकारने भेद करू नये. दुकाने, सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट व रस्ते ह्यांचा वापर कोणास ह्या कारणांवरून नाकारू नये. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे व तिचे आचरण हा गुन्हा आहे. वेठबिगार घेता येणार नाही. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात किंवा खाणीत कामास लावता येणार नाही. कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. ह्या यादीतील विहिरी व तलाव हे शब्द वाचताना ज्यास महाडचे तळे आठवत नाही, त्याने हे चरित्र पुन्हा पहिल्यापासून वाचावे.

परंतु येवढ्यावर ते थांबले नाहीत. 13 व्या अनुच्छेदाने असे ठरविले की, ह्या हक्कांविरुद्ध जो कायदा होईल तो तितक्या अंशी रद्द समजावा. आणि 32 व्या अनुच्छेदाने हक्कभंग झालेल्या कोणत्याही मनुष्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क दिला. हा दाद मागण्याचा हक्कही मूलभूतच आहे. 9 डिसेंबर 1948 रोजी आंबेडकरांनी सभेस सांगितले की, ज्या एका अनुच्छेदावाचून हे संविधान व्यर्थ ठरेल, तो कोणता असे विचारल्यास आपण ह्याच अनुच्छेदाकडे बोट दाखवू. तो संविधानाचा आत्मा व हृदय होय. 226 व्या अनुच्छेदाने हायकोर्टांसही असाच अधिकार आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मनुष्यास त्यासाठी नागपूरच्या खंडपीठात जाता येते.

पौलाचे चरित्र आपल्या मंडळीत कोण जाणत नाही? फटके मारण्यासाठी त्यास बांधले असता, चौकशीवाचून रोमी नागरिकास मारणे कायदेशीर आहे काय, असे त्याने विचारले, आणि शिपायांचे हात थांबले. पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली, तेव्हा सुभेदारास त्यास रोमेस पाठवावे लागले. पौलाचा तो हक्क थोड्यांचा होता, विकतही मिळत असे. 32 व्या अनुच्छेदाचे दार मात्र जन्माने, धर्माने किंवा पैशाने कोणास बंद केलेले नाही.

तरी दार असले म्हणजे ते नेहमी उघडेच राहते असे नाही. आणीबाणीत, सन 1976 मध्ये, अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानेच दिला. ती चूक सुधारण्यासाठी 1978 मध्ये संविधानात 44 वी दुरुस्ती करण्यात आली, व जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होऊ नये असे ठरले. संविधान स्वतः चालत नाही. जागी माणसे त्यास चालवितात.

इशारा व अखेरचे दिवस

हे आंबेडकरांस पूर्ण ठाऊक होते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी, काम सिद्धीस गेल्याच्या आनंदात सभा असताना, त्यांनी इशारा दिला. राजकारणात प्रत्येकास एक मत व एकच मोल मिळेल, परंतु समाजात व संसारात विषमता तशीच राहील. ही विसंगती लवकर दूर न केल्यास पीडलेले लोक लोकशाहीची इमारतच उडवून देतील, असे त्यांनी सांगितले. पुढारी कितीही थोर असला तरी त्याच्या पायांवर आपले स्वातंत्र्य वाहू नये. राजकारणातील भक्ती ही अधःपाताची वाट होय. आणि संविधान चांगले असले तरी चालविणारे वाईट निघाल्यास ते वाईटच ठरेल, असेही ते म्हणाले.

त्यांनी स्त्रियांस वारसा व घटस्फोट ह्यांविषयी हक्क देणारे हिंदू कोड बिल आणले. ते रखडविले गेले, म्हणून 1951 च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले. 1952 च्या निवडणुकीत मुंबईस व 1954 मध्ये भंडाऱ्यास त्यांचा पराभव झाला. ज्याने सर्वांस मत दिले, त्यासच मतदारांनी नाकारले.  राज्यसभेत मात्र 1953 मध्ये, अल्पसंख्याकांचे रक्षण होत नसल्याच्या उद्वेगाने, आपणच केलेले संविधान जाळण्यास आपण पुढे होऊ, असे ते बोलून गेले. पुढे त्याचा अर्थ त्यांनी उलगडून सांगितला की, देवासाठी बांधलेल्या मंदिरात राक्षस येऊन बसला, तर दुसरे काय करावे?

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी 6 डिसेंबर रोजी दिल्ली येथे झोपेतच त्यांचे देहावसान झाले, व दुसऱ्या दिवशी मुंबईस दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर अफाट जनसमुदायासमक्ष त्यांचा अंत्यविधी झाला.

आपणांस बोध

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे त्याच पाणवठ्यावरून हाकलले गेले होते, जेथून भीमराव हाकलले गेले. म्हणून एक दुःखाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. राष्ट्रपतींच्या 10 ऑगस्ट 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरविण्यात आल्या. 1956 मध्ये शिखांस व 1990 मध्ये बौद्धांस त्या लागू झाल्या. ख्रिस्ती झालेल्यांस त्या दुरुस्त्यांत स्थान मिळाले नाही. मद्रासच्या रस्त्याच्या कडेस बसून जोडे शिवणारा एक ख्रिस्ती मनुष्य ह्याविरुद्ध 32 व्या अनुच्छेदान्वये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. सन 1985 मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. धर्मांतरानंतरही तीच पीडा तितक्याच तीव्रतेने कायम राहते, ह्याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही, असे न्यायालयाने म्हटले. 2004 मध्ये हा प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयापुढे नेण्यात आला. तो जोडे शिवणारा हरला खरा. परंतु देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनापुढे तो उभा राहिला, त्याचे म्हणणे ऐकले गेले, व का हरलो ह्याचे लेखी कारण त्यास मिळाले. मसूरच्या स्टेशनावरील मुलास ह्यांतले काहीच मिळाले नव्हते.

तेव्हा आपण करावे काय? पहिली गोष्ट, उपदेशक व शिक्षक बंधूंनी संविधानाचा तिसरा भाग मराठीतून मिळवून संध्याकाळच्या बैठकीत थोडाथोडा वाचून दाखवावा व समजावून द्यावा. दुसरी, 1993 पासून अमलात आलेल्या 73 व्या दुरुस्तीने ग्रामसभेस संविधानात स्थान दिले आहे. वडनेर असो वा दुसरे कोणतेही गाव, तेथील मंडळीच्या स्त्रीपुरुषांनी त्या सभेस जावे, बोलावे, व इतिवृत्तात काय लिहिले ते वाचून घ्यावे. तिसरी, अन्याय झाल्यास हातघाईवर न येता तारीख, वेळ व साक्षीदार लिहून ठेवावेत; कारण न्यायासनापुढे अश्रू नव्हे, तर पुरावा उपयोगी पडतो. चौथी, स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीजमातींचे लोक व गरीब ह्यांस 1987 च्या कायद्याप्रमाणे फुकट वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. आणि शेवटची, पण सर्वांत कठीण: जो हक्क आपण दुसऱ्याकडून मागतो, तो आपल्या मंडळीत, आपल्या पंक्तीत व आपल्या सोयरिकीत आपण दुसऱ्यास देतो काय, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.

भीमरावांनी महाडास तळ्याच्या पायऱ्या उतरून एक ओंजळ पाणी घेतले. ती ओंजळ त्यांची एकट्याची नव्हती. दार त्यांनी करून ठेविले आहे; त्यातून जाण्यास मात्र आपलेच पाय पाहिजेत.